एकाच सर्व्हरवर टेलिग्राम बॉट आणि वेबसाइट: काय एकत्र असावे आणि काय वेगळे

नाशिकमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने पुढील अडचण मांडली आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील ओळखीच्या शेतकऱ्यांसाठी त्याने टेलिग्रामवर एक बॉट तयार केला आहे. शेतकऱ्याने ‘कांदा लासलगाव’ असे लिहून पाठवले की त्या दिवसाचा क्विंटलमागे किमान, कमाल आणि सरासरी दर उत्तरात मिळतो. हे दर भरण्यासाठी आणि मागचे दर पाहण्यासाठी फ्लास्क या वेबसाइट बनवण्याच्या साधनात केलेली एक लहान वेबसाइटही आहे, आणि दोन्हींचा कोड पायथॉनच्या एकाच फाइलमध्ये आहे. वेबसाइट सुरू करणारी ओळ आधी लिहिली तर बॉट सुरू होत नाही. बॉटची ओळ आधी लिहिली तर वेबसाइट उघडत नाही. कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने बॉट वेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यात) घातला, तेव्हा घरच्या लॅपटॉपवर दोन्ही चालले. भाड्याच्या सर्व्हरवर मात्र गनिकॉर्न या वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या तीन वर्करांसह (वर्कर म्हणजे मागण्या हाताळणारी वेबसाइटची वेगळी प्रत) चढवल्यापासून रोज साडेअकराला जाणारा दरांचा मेसेज प्रत्येकाला तीन वेळा जातो, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना कधी उत्तर मिळते तर कधी मिळत नाही, आणि लॉगमध्ये ‘४०९ कॉन्फ्लिक्ट’ ही ओळ सतत येते. दोन्ही एकत्र चालवण्याची योग्य पद्धत कोणती, असे त्याने विचारले आहे.

गेली बारा-तेरा वर्षे मी अंबड आणि सातपूरच्या लहान कारखान्यांसाठी आणि काही आडतदारांसाठी असेच बॉट आणि त्यांच्या जोडीच्या वेबसाइट तयार करून सांभाळत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘दोन्ही एकत्र कसे चालवावे’ या प्रश्नाच्या आधी ‘दोन्हींमध्ये समाईक काय आहे’ हा प्रश्न विचारायला हवा. समाईक आहेत ते दर, ग्राहकांची यादी आणि दर शोधून काढण्याचा नियम. ते एका जागी असणे आवश्यक आहे. बॉट आणि वेबसाइट एकाच प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या एकाच प्रोग्राममध्ये), एकाच श्वासात सुरू आणि बंद होणे मात्र आवश्यक नाही, आणि तुमची जवळजवळ सगळी दुखणी तिथूनच सुरू झाली आहेत.

आधी दुखणे नीट समजून घेऊ. फ्लास्कची वेबसाइट सुरू करणारी ओळ ही एक न संपणारी फेरी असते. ती ब्राउझरकडून मागणी येण्याची वाट पाहत बसते आणि पुढच्या ओळीवर कधी जातच नाही. बॉटचे पोलिंगही तसेच असते. तो टेलिग्रामच्या सर्व्हरला ‘काही नवीन आले का?’ असे विचारतो, उत्तर येईपर्यंत काही सेकंद जोडणी उघडी ठेवतो आणि उत्तर आले की पुन्हा विचारतो. दोन्ही फेऱ्यांना मुख्य थ्रेड आपल्याच ताब्यात हवा असतो, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. थ्रेड वापरल्याने दुसरे म्यान मिळाले, म्हणून लॅपटॉपवर काम झाले. तिथे प्रोसेस एकच होती. फ्लास्कचा डीबग मोड चालू असता तर लॅपटॉपवरही हीच अडचण दिसली असती, कारण कोड बदलल्यावर आपोआप पुन्हा सुरू करणारी त्याची सोय तीच फाइल दोन प्रोसेसमध्ये चालवते.

गनिकॉर्नची कामाची रीत याहून वेगळी आहे. तो तुमची फाइल ‘चालवत’ नाही, तर प्रत्येक वर्करमध्ये ती इम्पोर्ट करतो, म्हणजे आत ओढून घेतो, आणि त्यात थ्रेड सुरू करणारी ओळही चालते. वर्कर तीन, म्हणजे फाइल तीन वेळा इम्पोर्ट झाली, तीन थ्रेड सुरू झाले आणि तीन बॉट एकाच टोकनवर (बॉटच्या गुप्त किल्लीवर) टेलिग्रामच्या दारात उभे राहिले. टेलिग्राम एका वेळी एकाच पोलिंगला मान्यता देतो. दुसऱ्याने विचारणा केली की पहिल्याची जोडणी तोडतो आणि त्याला ४०९ सांगतो. मग पहिला पुन्हा येतो आणि दुसऱ्याची तोडली जाते. या ओढाताणीत एखादा मेसेज मधेच अडकून उशिरा पोहोचतो, तर एखादा दोघांच्याही हाती लागतो, म्हणून उत्तरांचा भरवसा राहत नाही. मेसेज पाठवण्याच्या बाबतीत असे बंधन नाही, त्यामुळे तिन्ही बॉटांमधली साडेअकराची घंटा वाजली आणि तिघांनीही आपापला मेसेज व्यवस्थित पाठवला. तुमच्या शेतकऱ्यांना मिळालेले तीन मेसेज म्हणजे तुमच्या वर्करांची संख्याच आहे. खात्री करायची असेल तर वर्कर दोन करून एक दिवस पाहा, दोनच मेसेज जातील.

इथे बरेच जण वर्कर एक करून मोकळे होतात. त्याने लक्षण जाते, हे मान्य आहे. तरीही मी तो मार्ग सुचवत नाही, कारण गनिकॉर्नचा साधा वर्कर एखाद्या मागणीत ३० सेकंदांपेक्षा जास्त अडकला तर गनिकॉर्न त्याला मारून नवा वर्कर उभा करतो, आणि जुन्या वर्करच्या पोटातला बॉटही त्याच्याबरोबर जातो. वेबसाइटवर कोणीतरी वर्षभराचा अहवाल मागितला म्हणून शेतकऱ्याला आजचा दर मिळू नये, असा संबंध या दोन गोष्टींमध्ये असण्याचे काही कारण नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय दिलेला सल्ला दुसऱ्याच्या मापाचा होतो. पहिली गोष्ट म्हणजे तुमचा सर्व्हर चोवीस तास जागा असतो का. काही फुकट सेवा थोडा वेळ कोणी न आल्यास ॲप झोपवून ठेवतात, आणि झोपलेला बॉट पोलिंग करू शकत नाही. दुसरी, तुमच्याकडे स्वतःचे डोमेन आणि एचटीटीपीएस आहे का. तिसरी, एका प्रश्नाचे उत्तर द्यायला बॉटला किती काम पडते. डेटाबेसमधून एक ओळ वाचायची आहे की पीडीएफ तयार करून पाठवायची आहे. तुमच्या लिहिण्यावरून सर्व्हर भाड्याचा आहे, त्यावर तुम्हाला पूर्ण अधिकार आहेत आणि काम हलके आहे, असे मी धरून चालतो. घरच्या संगणकावर चालवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते त्याच दिवसांत वीज जाण्याचे प्रमाणही वाढते.

अशा परिस्थितीत माझी पहिली पसंती दोन स्वतंत्र प्रोसेस आणि एक डेटाबेस या मांडणीला असते. फाइली तीन करा. एका फाइलमध्ये डेटाबेसशी बोलणारी फंक्शने ठेवा: दर शोधणे, दर नोंदवणे, ग्राहक जोडणे आणि काढणे. या फाइलला टेलिग्रामही माहीत नसावा आणि फ्लास्कही माहीत नसावा. दुसऱ्या फाइलमध्ये वेबसाइट आणि तिसरीत बॉट असेल, आणि दोन्ही पहिल्या फाइलमधली फंक्शने बोलावतील. असे केल्याने ‘लासलगाव’ आणि ‘लासलगांव’ या दोन्ही लेखनांना एकच बाजार समजण्याचा नियम एकदाच लिहावा लागतो, आणि वेबसाइट एक दर दाखवते तर बॉट दुसरा, हा प्रकार कधी होत नाही. शेतकऱ्याचा विश्वास बसतो किंवा उडतो तो याच ठिकाणी, म्हणून या पहिल्या फाइलवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

दोन्ही प्रोसेस चालत्या ठेवण्याचे काम लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीकडे सोपवा. वेबसाइटसाठी एक सर्व्हिस फाइल आणि बॉटसाठी एक. दोन्हींमध्ये ‘रिस्टार्ट’पुढे ‘ऑलवेज’ लिहिले आणि मधे पाच सेकंदांची उसंत ठेवली की प्रोसेस कोसळली तरी ती आपोआप उठते आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर हाताने काही करावे लागत नाही, फक्त सर्व्हिस ‘इनेबल’ करायला विसरू नये. दोन्हींचे लॉगही वेगळे पाहता येतात. वेबसाइटचे वर्कर मग खुशाल तीन ठेवा किंवा पाच. बॉट एकच राहील. दोन प्रोसेसना मेमरी जास्त लागेल अशी भीती अनेकांना वाटते, पण असा साधा बॉट माझ्या अनुभवात शंभर एमबीच्या आतच राहतो.

डेटाबेसबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण दोन प्रोसेस झाल्या की पुढची ठेच इथेच लागते. तुम्ही एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा साधा डेटाबेस) वापरत असाल तर ते लगेच बदलण्याची गरज नाही. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. ‘वॉल’ मोड चालू केला तर एकाचे लिहिणे चालू असताना बाकीच्यांचे वाचणे अडत नाही, पण लिहिणारा तरीही एकच. दुसऱ्या लिहिणाऱ्याला थांबावे लागते, आणि पायथॉनच्या एसक्यूलाइट जोडणीत ही वाट पाहण्याची मुदत मुळात ५ सेकंदांची असते. त्यानंतर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ अशी एरर येते.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या कामात ही चूक मी स्वतः केली. त्यांच्याकडे सुमारे सहाशे शेतकरी बॉटला जोडलेले होते. सकाळचा लिलाव झाला की दिवाणजी वेबसाइटवर दर भरायचे आणि बॉट सगळ्यांना ते पाठवायचा. मी बॉटमध्ये फेरी अशी लिहिली होती: एका शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा, त्याच्या नावापुढे ‘पाठवला’ अशी नोंद करायची, मग पुढचा, आणि सहाशे झाल्यावर शेवटी एकदाच कमिट, म्हणजे सगळ्या नोंदी पक्क्या करणे. पहिल्या नोंदीलाच पायथॉनने ट्रान्झॅक्शन (कमिट होईपर्यंतचा लिहिण्याचा व्यवहार) उघडले आणि ते शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत उघडेच राहिले. प्रत्येक मेसेजला इंटरनेटवरून जाऊन यायला सेकंदाचा काही भाग लागतो, म्हणजे सहाशेंना मिळून दीड-दोन मिनिटे लागत होती. एका सकाळी मी त्यांच्या गाळ्यावर बसलेलो असताना दिवाणजींनी पहिला दर भरला, मेसेज जाऊ लागले, आणि लगेच त्यांना आकडा चुकल्याचे लक्षात आले. दुरुस्ती करून त्यांनी ‘जतन करा’ दाबले. पडद्यावरचे चक्र पाच सेकंद फिरले आणि एरर आली. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा एरर. तोपर्यंत चुकीचा दर एकेका शेतकऱ्याच्या फोनवर पोहोचत होता आणि आम्ही दोघेही तो थांबवू शकत नव्हतो. दिवाणजी काही बोलले नाहीत, त्यांनी वही काढली आणि फोनवरून एकेकाला बरोबर दर सांगायला सुरुवात केली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: ट्रान्झॅक्शन उघडे असताना इंटरनेटवरचे कोणतेही काम करायचे नाही. आधी वाचा, जोडणी मोकळी करा, मेसेज पाठवा, मग नोंद करून तिथल्या तिथे कमिट करा.

त्या प्रसंगानंतर मी जी मांडणी केली ती तुम्हालाही सुचवतो. डेटाबेसमध्ये ‘जायचे मेसेज’ अशी एक टेबल ठेवा. प्रत्येक ओळीत ग्राहक, मजकूर, कोणत्या तारखेचा, कोणत्या बाजाराचा आणि कोणत्या सत्राचा दर, आणि स्थिती: थांबलेला, गेलेला, फसलेला किंवा रद्द. वेबसाइटवर दर जतन झाला की ती या टेबलमध्ये ओळी घालून मोकळी होते, आणि बॉटची प्रोसेस दर काही सेकंदांनी थांबलेल्या ओळी घेऊन पाठवत राहते. दिवाणजींनी दर दुरुस्त केला तर अजून न गेलेल्या ओळी रद्द करून नव्या घालता येतात, आणि ज्यांना चुकीचा दर गेला आहे फक्त त्यांनाच दुरुस्ती पाठवता येते. ग्राहक, तारीख, बाजार, सत्र आणि दुरुस्तीचा क्रमांक या पाचांवर मिळून युनिक इंडेक्स लावा. मग उद्या चुकून दोन ठिकाणांहून एकच काम सुरू झाले तरी दुसरी ओळ टेबलमध्ये शिरणारच नाही, आणि तीन-तीन मेसेजांचा प्रश्न कोडमधल्या काळजीवर अवलंबून न राहता डेटाबेसच्या पातळीवरच सुटेल.

यात एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. मेसेज पाठवून झाल्यावर नोंद करायची की आधी नोंद करून मग पाठवायचा? नंतर नोंद केली आणि नेमकी मधेच प्रोसेस कोसळली तर तोच मेसेज पुन्हा जाईल. आधी नोंद केली आणि मधे कोसळली तर तो कधीच जाणार नाही. यांतल्या एकाही मार्गात दोन्ही धोके टळत नाहीत. बाजारभावासाठी मी नंतर नोंद करतो, कारण दर दोनदा मिळाल्याने कोणाचे नुकसान होत नाही, पण न मिळाल्याने गाडी भरून निघालेल्या माणसाचे होऊ शकते.

पाठवण्याचा वेगही सांभाळावा लागतो. टेलिग्रामच्या नियमांनुसार अनेकांना एकदम पाठवताना सेकंदाला साधारण ३० मेसेज, एकाच चॅटमध्ये सेकंदाला एक आणि एका ग्रुपमध्ये मिनिटाला २० ही मर्यादा धरून चालावे. ती ओलांडली तर ४२९ येतो आणि किती सेकंद थांबायचे तेही त्याच उत्तरात लिहिलेले असते. तेवढे थांबावे, लगेच पुन्हा प्रयत्न करू नये. ग्राहकाने बॉट ब्लॉक केला असेल तर ४०३ येतो. तेव्हा त्याचे नाव यादीतून थांबवावे, नाहीतर अशा मेलेल्या नोंदी वाढत जातात आणि प्रत्येक फेरी उगाच लांबते.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण दोन्ही एका प्रोसेसमध्ये कोंबण्यामागे बहुतेक वेळा तोच असतो. वेबसाइटला एखादा मेसेज पाठवायचा असेल तर त्यासाठी बॉटच्या चालू प्रोसेसमधला ऑब्जेक्ट हातात असण्याची काहीच गरज नाही. टेलिग्रामला मेसेज पाठवणे म्हणजे टोकनसह केलेली एक साधी एचटीटीपीएस विनंती आहे, आणि ती कोणत्याही प्रोसेसमधून करता येते. तिचे पोलिंगशी भांडण नाही. ‘तुमचे खाते तयार झाले’ असा एखाद-दुसरा मेसेज फ्लास्कमधून थेट पाठवला तरी चालेल, फक्त त्या विनंतीला पाच-दहा सेकंदांची मुदत लावा. शेकड्यांनी पाठवायचे असतील तेव्हाच टेबलचा मार्ग धरा.

साडेअकराचे काम बॉटच्या किंवा वेबसाइटच्या पोटात ठेवू नका. क्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर (ठरल्या वेळी काम सुरू करणारी लिनक्सची सोय) वापरा, आणि त्याच्याकडून फक्त टेबलमध्ये ओळी घालून घ्या. भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते, म्हणून आपले सकाळचे साडेअकरा म्हणजे तिथले सहा, हे लक्षात ठेवून वेळ लिहावी.

दुसरा मार्ग वेबहुकचा. यात बॉट विचारत राहत नाही. टेलिग्रामच प्रत्येक नवा मेसेज तुमच्या वेबसाइटच्या एका ठरावीक पत्त्यावर आणून देतो. म्हणजे बॉट ही वेगळी फेरी न राहता वेबसाइटचे आणखी एक पान होते, आणि ‘दोन्ही एकत्र’ हे तुमचे मूळ उद्दिष्ट इथे खऱ्या अर्थाने साध्य होते. वर्कर कितीही असले तरी चालते, कारण प्रत्येक मेसेज ज्या वर्करकडे जाईल तोच उत्तर देतो. झोपणाऱ्या सेवांवर तर हाच मार्ग उरतो, कारण येणारा मेसेजच ॲपला जागे करतो.

त्याच्या अटी मात्र नीट पाळाव्या लागतात. पत्ता एचटीटीपीएसचाच हवा आणि पोर्ट ४४३, ८०, ८८ किंवा ८४४३ यांपैकीच. सर्टिफिकेटची पूर्ण साखळी सर्व्हरवर लावलेली असावी. ब्राउझर अर्धवट साखळीवरही अनेकदा पान उघडतो, त्यामुळे ‘वेबसाइट तर उघडते आहे, मग बॉट गप्प का?’ असे कोडे पडते. अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. ‘गेट वेबहुक इन्फो’ ही विनंती केली की टेलिग्राम शेवटची एरर आणि किती मेसेज ताटकळत आहेत त्यांची संख्या सरळ सांगतो. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींपैकी बहुतेक त्या दोन ओळी वाचूनच सुटल्या. वेबहुक लावताना एक गुप्त शब्द देता येतो, तो टेलिग्राम प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये परत पाठवतो. तो जुळला नाही तर विनंती नाकारावी, नाहीतर तुमचा पत्ता कळलेला कोणीही टेलिग्राम असल्याची बतावणी करू शकेल.

उत्तर देण्याची घाई हाही वेबहुकचा महत्त्वाचा भाग आहे. तुमच्या पानाने वेळेत यशाचा कोड परत केला नाही तर टेलिग्राम तोच मेसेज पुन्हा आणून देतो. पीडीएफ तयार करायला वीस सेकंद लागत असतील आणि ते काम त्या पानातच केले असेल, तर शेतकऱ्याला एकच पीडीएफ तीनदा मिळण्याची वेळ येते. म्हणून जड काम वरच्यासारखेच टेबलमध्ये टाकून लगेच यशाचा कोड द्यावा. शिवाय प्रत्येक मेसेजबरोबर येणारा अपडेट क्रमांक नोंदवून ठेवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काही न करता यशाचा कोड परत करावा.

पोलिंग आणि वेबहुक एकाच टोकनवर एकत्र चालत नाहीत. सर्व्हरवर वेबहुक लावलेला असताना लॅपटॉपवर पोलिंग सुरू केले तरीही ४०९ येतो, फक्त त्यातला मजकूर वेगळा असतो. तो पूर्ण वाचला तर दुसरी प्रोसेस चालू आहे की वेबहुक लागलेला आहे हे कळते. चाचणीसाठी बॉटफादरकडून (बॉट नोंदवणाऱ्या टेलिग्रामच्याच बॉटकडून) दुसरा बॉट आणि दुसरे टोकन घ्या. चालू बॉटच्या टोकनवर चाचणी करणे म्हणजे ऐन लिलावाच्या वेळी शेतकऱ्यांचे मेसेज आपल्या लॅपटॉपवर ओढून घेणे होय. टोकन कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवा. आणि ते चुकून गिटहबवर गेले असेल तर फाइल पुसून भागत नाही, बॉटफादरकडे जाऊन ते रद्द करून नवे घ्यावे लागते.

तिसरा मार्ग म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये, पण असिंक पद्धतीने (एक काम वाट पाहत असताना दुसरे पुढे नेणे), एकाच इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळी कामे आळीपाळीने चालवणाऱ्या एका फेरीवर, दोन्ही चालवणे. पायथॉन-टेलिग्राम-बॉट ही लायब्ररी विसाव्या आवृत्तीपासून पूर्णपणे असिंक झाली आहे. तिचे पोलिंग जुन्या सवयीने थ्रेडमध्ये घालायला गेलात तर इव्हेंट लूप नसल्याची किंवा सिग्नल फक्त मुख्य थ्रेडमध्येच चालत असल्याची एरर येते. फास्टएपीआयसारखी असिंक वेबसाइट असेल तर ती सुरू होताना बॉट सुरू करायचा आणि ती बंद होताना बॉट बंद करायचा, असे नीट लिहिता येते. पण वर्कर एकच ठेवावा लागतो, आणि कोडमध्ये एका जागी जरी थांबवणारे काम राहिले, उदाहरणार्थ साध्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने केलेली विनंती, तरी वेबसाइट आणि बॉट दोन्ही त्या वेळेपुरते गोठतात. तुमची वेबसाइट फ्लास्कमध्ये आहे आणि लायब्ररी जुन्या थ्रेडच्या पद्धतीची आहे, म्हणून केवळ यासाठी सगळे नव्याने लिहावे असे मी म्हणणार नाही. डिस्कॉर्डच्या बॉटसाठी हा मार्ग जास्त वेळा वापरला जातो, कारण चॅनेलमधले सर्वसाधारण मेसेज वाचायला तिथे एक जोडणी कायम उघडी ठेवावी लागते.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा की आज दोन प्रोसेसवर या, आणि पोलिंगच ठेवा. डोमेन, सर्टिफिकेट आणि वेबहुकचे काम नंतर सवडीने करता येईल. एकदा तीन फाइली वेगळ्या झाल्या की तो बदल एका संध्याकाळचा आहे. काम दुपारनंतर, लिलाव आटोपल्यावर हाती घ्या. आधी गनिकॉर्न थांबवा आणि पायथॉनची जुनी कोणतीही प्रोसेस मागे राहिलेली नाही हे प्रोसेसच्या यादीत डोळ्यांनी पाहून घ्या. मागे राहिलेली एक प्रोसेससुद्धा ४०९ आणायला पुरेशी आहे. मग वेबहुक काढण्याची विनंती एकदा करून टाका, पूर्वी कधी लावलेला असल्यास तो निघून जाईल. त्यानंतर फक्त बॉटची सर्व्हिस सुरू करा आणि दहा मिनिटे लॉग पाहत बसा. ४०९ आला नाही तर वेबसाइटची सर्व्हिस सुरू करा.

शेवटी बॉटची सर्व्हिस मुद्दाम थांबवा. वेबसाइट उघडून एक दर भरा, तो विनाअडथळा जतन झाला पाहिजे. तेवढ्यात स्वतःच्या फोनवरून बॉटला ‘कांदा पिंपळगाव’ असे पाठवून ठेवा. टेलिग्राम न उचललेले मेसेज २४ तासांपर्यंत सांभाळतो, त्यामुळे पाच मिनिटांनी बॉट पुन्हा सुरू केला की तुमच्या त्या मेसेजला उत्तर आले पाहिजे, आणि ते एकदाच आले पाहिजे.